माल पुढे, नोंद मागे

व्यवसायाच्या रोजच्या कामाला लावलेला जगातला पहिला संगणक चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीने बांधून घेतला. कंपनीचे नाव जे. लायन्स अँड कंपनी, शहर लंडन, साल 1951. लायन्सची चहाची दुकाने ठिकठिकाणी पसरलेली होती आणि त्यांना लागणारे पाव, केक कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्यांत भाजले जात. एका कप चहामागे सुटणारा नफा अगदी थोडा. तो हिशेब लिहिण्याच्या खर्चातच संपू नये, याची तिथल्या व्यवस्थापकांना सतत काळजी असे. जॉन सिमन्स हे केंब्रिजचे गणिताचे पदवीधर या कंपनीत याच कामामागे लागलेले होते. 1947 मध्ये कंपनीने थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड या आपल्या दोन अधिकाऱ्यांना कचेरीच्या कामाच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेत पाठवले. तिथे त्यांना इलेक्ट्रॉनिक संगणकांची माहिती मिळाली आणि असेच एक यंत्र आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स बांधत आहेत हेही तिथेच कळले. लायन्सने विल्क्स यांच्या कामाला 3,000 पौंड दिले, सोबत आपला एक तंत्रज्ञ दिला. केंब्रिजचा एडसॅक 1949 मध्ये चालू झाला. त्याच्या धर्तीवर जॉन पिंकर्टन यांनी लायन्ससाठी यंत्र उभे केले. त्याचे नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर 1951 पासून भट्ट्यांच्या मालाचा दर आठवड्याचा हिशेब लिओ नियमितपणे करू लागला.

व्यवसायातील माहिती व्यवस्था, पुरवठा साखळी आणि संगणकाचे हार्डवेअर या तीन विषयांच्या पुस्तकाची सुरुवात लायन्सच्या भट्टीपासून करण्याचे कारण आहे. आपल्याकडे हे तीन विषय तीन वेगवेगळ्या पेपरांत विभागले गेले आहेत. विद्यार्थी एका पेपरात रॅम आणि रॉममधला फरक लिहितो, दुसऱ्यात माहिती व्यवस्थेचे प्रकार लिहितो, तिसऱ्यात पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतची आकृती काढतो. या तिन्ही उत्तरांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्याला कोणी विचारत नाही. लायन्समध्ये या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नातून उगवल्या होत्या: उद्या सकाळी कोणत्या दुकानात किती पाव पाठवायचे?

हे काम 1954 मध्ये लिओवर आले. मला त्या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दुकाने दीडशेच्या घरात. प्रत्येक दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या मालाची मागणी रोज कळवायची. पूर्वी त्यासाठी वस्तूंच्या लांबलचक याद्या रोज भराव्या लागत. लायन्सचेच डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की या सोमवारची मागणी बहुतांशी मागच्या सोमवारसारखीच असते. मग रोज तेच आकडे पुन्हा का लिहायचे? त्यांनी प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली मागणी यंत्राकडे आधीच देऊन ठेवली. रोज दुपारी ठरल्या वेळी मुख्य कचेरीतून दुकानात फोन जाई. बाई फक्त बदल सांगत: हे दोन डझन जास्त, ते उद्या नको. फोनवर बसलेली मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकता तो बदल थेट कार्डावर छिद्रे पाडून नोंदवी. ती कार्डे लिओत जात आणि कोणत्या दुकानासाठी काय बांधायचे, एकूण माल किती लागणार, याचे छापील कागद बाहेर येत. दुसऱ्या दिवशी माल दुकानात पोचे.

यात पुरवठा साखळी कुठे संपते आणि माहिती व्यवस्था कुठे सुरू होते, हे मला दाखवता येत नाही. कोणाला दाखवता येईल असेही वाटत नाही. त्या रचनेतला खरा शोध यंत्राबाहेरचा आहे. मागणी ज्या बाईंना ठाऊक, त्यांच्याच तोंडून ती घेतली. जेव्हा घ्यायला हवी तेव्हाच घेतली. एकदाच लिहिली, आणि नेहमीपेक्षा वेगळे असेल तेवढेच लिहिले. आजही एखाद्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बसवायला जाणाऱ्या माणसाने या चार गोष्टी तपासल्या, तर त्याचे निम्मे काम झाले.

आता यंत्राकडे पाहू. लिओमध्ये सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, होते. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांत असे. आकडे ध्वनिलहरींच्या रूपाने नळीच्या एका टोकाने आत जात, दुसऱ्या टोकाने बाहेर पडत आणि पुन्हा आत सोडले जात. वीज गेली की लहर विरे आणि आकडेही जात. आजच्या रॅमची बनावट पूर्णपणे वेगळी आहे, पण हा स्वभाव तोच आहे. चालू काम जिथे मांडलेले असते ती जागा वीज गेली की कोरी होते, आणि जे टिकवायचे ते डिस्कवर किंवा एसएसडीवर लिहून ठेवावे लागते. लिओचा गणिताचा वेग थक्क करणारा होता. एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद पुरे. अडचण होती ती आकडे आत घालण्याची आणि उत्तरे बाहेर काढण्याची. कार्ड वाचणारी आणि छापणारी यंत्रे गणिताच्या मानाने इतकी हळू होती, की हुशार यंत्राला त्यांची वाट पाहत बसावे लागले असते. पिंकर्टन यांनी त्यासाठी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त ठेवले. प्रत्येक मार्गावर आकडे थोडा वेळ साठवण्याची सोय केली, म्हणजे एका बाजूला कार्ड वाचले जात असताना दुसरीकडे गणित चालू राहील. इनपुट, स्मृती, प्रोसेसर, आउटपुट ही पाठ्यपुस्तकातली चौकटींची आकृती मुलांना निर्जीव वाटते. तिच्यातला प्रत्येक बाण म्हणजे वाट पाहण्याची एक जागा आहे, हे कळले की ती बोलू लागते.

व्यवसायातही वाट पाहण्याच्या अशाच जागा असतात आणि त्या बहुधा संगणकाच्या बाहेर असतात. दुपारी दोन वाजता टेम्पो गोदामात लागतो, माल उतरतो. चलन ड्रायव्हरच्या खिशातून गोदामवाल्याच्या खिळ्यावर जाते, तिथून संध्याकाळी कचेरीत येते आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढते ते शनिवारी, कारण आठवडाभराच्या नोंदी एकदम करायची पद्धत आहे. या मधल्या दिवसांत विक्रीवरचा माणूस संगणकावर शिल्लक पाहतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, माल संपलाय. खरेदीवाला तीच शिल्लक पाहून नवी मागणी पाठवतो. माल गोदामात पडून आहे, पण व्यवसायाच्या दृष्टीने तो अजून आलेलाच नाही. माल पुढे गेला आणि नोंद मागे राहिली. दोन्हींमध्ये जेवढे अंतर, तेवढे नुकसान. ते कोणत्याही ताळेबंदात वेगळ्या ओळीत दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही. या पुस्तकाला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती हे अंतर कमी करण्याची.

हे अंतर एकाच दुकानापुरते राहत नाही, हे जे फॉरेस्टर यांनी दाखवून दिले. अमेरिकेतल्या एमआयटीमधले हे विद्युत अभियंते व्यवस्थापनाकडे वळले आणि 1958 मध्ये त्यांनी दुकानदार, वितरक आणि कारखाना यांच्या साखळीचे गणित मांडले. दुकानातली विक्री थोडीशी वाढते. दुकानदार ती वाढ टिकेल असे धरून, शिवाय शिल्लक भरून काढण्यासाठी, वाढीपेक्षा जास्त मागवतो. वितरकाला दुकानातली विक्री दिसत नाही, त्याला फक्त मागणी दिसते. तो त्याहून जास्त मागवतो. कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर छोट्या लाटेची मोठी लाट झालेली असते. माल तयार होऊन खाली येतो तेव्हा विक्री पूर्ववत झालेली असते आणि सगळ्यांची गोदामे भरलेली असतात. पुढे या प्रकाराला बुलव्हिप इफेक्ट हे नाव पडले. 1997 मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग या तीन संशोधकांनी त्याची चार कारणे मांडली: प्रत्येकाने आपापला वेगळा अंदाज बांधणे, मागणी साठवून एकदम पाठवणे, भावातले चढउतार आणि टंचाईच्या भीतीने वाढवून मागणे. आपल्याकडच्या एजन्सीवाल्यांना ही चारही कारणे पुस्तकाविना ठाऊक आहेत. महिनाअखेरीस टार्गेट पुरे करायला स्कीम लावून दुकानदाराच्या गळ्यात माल मारला जातो आणि पुढच्या महिन्याचे पहिले दोन आठवडे कोणी काही उचलत नाही. कंपनीच्या आलेखात मात्र ती महिनाअखेरची मागणी म्हणून दिसते. माझे स्पष्ट मत आहे, की अशा व्यवसायात अंदाज बांधणारे महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी स्कीमच्या तारखा बदलाव्यात.

नोंद मालाबरोबरच चालावी, यासाठी सर्वांत मोठी कामगिरी एका साध्या छापील चिन्हाने केली आहे. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमचे एक पाकीट स्कॅनरवरून गेले आणि बारकोडचा दुकानातला वापर सुरू झाला. आज आपल्या घरातल्या बहुतेक पुड्यांवर 13 आकड्यांचा बारकोड असतो. सुरुवातीचे 890 पाहून अनेकजण माल भारतात बनला असे समजतात. त्यातून एवढेच कळते की हा क्रमांक भारतातल्या जीएस1 संस्थेमार्फत घेतलेला आहे. माल कुठेही बनलेला असू शकतो. शेवटचा, तेरावा आकडा मात्र फार कामाचा आहे. डावीकडून विषम स्थानांवरचे सहा आकडे मिळवा, सम स्थानांवरच्या सहा आकड्यांची बेरीज तीनने गुणा, दोन्ही मिळवा. त्या उत्तरात शेवटचा आकडा मिळवला की दहाने भाग जायलाच हवा. एकही आकडा चुकीचा वाचला गेला तर भाग जात नाही आणि यंत्र ती नोंद घेत नाही. स्वयंपाकघरातली कोणतीही पुडी घेऊन हा हिशेब करून पाहा. नोंदीने स्वतःच आपली खातरजमा करावी, ही कल्पना इतक्या थोड्या जागेत बसवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तिन्ही विषय आपल्या मातीत एकत्र पाहायचे असतील, तर नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षबागेत जावे लागेल. 2003 च्या सुमारास युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातदारांचे धाबे दणाणले. रॉटरडॅमला एका पेटीत दोष निघाला, तर ती कोणत्या बागेतली हे सांगता येत नव्हते, आणि म्हणून संशय सगळ्यांवर येत होता. त्यानंतर अंश तपासणीची योजना आली. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्यासाठीच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले, आणि 2006 मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. निर्यातीची बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, अहवाल त्या क्रमांकावर चढतो. अहवाल नापास असेल तर त्या बागेचा माल युरोपच्या निर्यातीसाठी पुढे सरकतच नाही. पॅकहाऊस, ॲगमार्क, फायटोसॅनिटरी म्हणजे वनस्पती आरोग्याचा दाखला, सगळे त्याच क्रमांकाला बांधलेले. त्यामुळे परदेशातल्या पेटीवरून मागे मागे येत बागेपर्यंत पोचता येते. आपल्या शेतकऱ्यांनी ही शिस्त स्वीकारली आणि निभावली, याचा मला फार अभिमान वाटतो. आपल्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत परदेशी सुपरमार्केटची उदाहरणे पानोपानी असतात. ग्रेपनेटचे नावही नसते, हे मला बोचते.

या व्यवस्थेची मर्यादाही चार वर्षांतच दिसली आणि ती या पुस्तकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. 2010 च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची शेंड्याची वाढ रोखून फळधारणेला मदत व्हावी म्हणून ते वापरात होते, आणि एकदा दिले की वेलीत दीर्घकाळ राहते. माल अडला, परत आला, बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. नोंदी सगळ्या जागेवर होत्या, बागांचे क्रमांक होते, प्रयोगशाळांचे अहवाल होते. तपासायच्या रसायनांच्या यादीत मात्र सीसीसीचे नाव नव्हते. ज्याचा रकानाच नाही, त्याची नोंद कितीही चोख व्यवस्था ठेवू शकत नाही. पुढे यादी बदलली. माहिती व्यवस्था आखताना कोणते रकाने ठेवायचे हा निर्णय तांत्रिक समजून संगणकवाल्यावर सोडला जातो. तो निर्णय धंदा जाणणाऱ्या माणसाचा आहे, आणि यादी दरवर्षी पुन्हा उघडून पाहिली पाहिजे.

द्राक्षाची पेटी न्हावाशेवा बंदरात आणि तिथून पलीकडे पोचेपर्यंत तिच्यासोबत किती यंत्रे काम करतात, तेही पाहण्यासारखे आहे. काढणीनंतर घड लवकरात लवकर प्रीकूलिंगमध्ये जातात आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास ठेवले जातात. रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधले तापमान प्रवासभर यंत्र नोंदवत राहते, म्हणजे पलीकडे माल खराब निघाला तर थंडी कोणत्या दिवशी सुटली हे कळते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. अशा वेळी टिकाऊ माल आणि लवकर मऊ पडणारा माल वेगळा काढता येणे, हे ज्याच्याकडे काढणीपासूनच्या नोंदी आहेत त्यालाच जमते.

हार्डवेअरच्या प्रकरणांत मी मुद्दामच कमी यंत्रे घेतली आहेत. प्रोसेसरच्या नव्या पिढ्यांची नावे दरवर्षी बदलतात, ती पाठ करून काही साधत नाही. त्याऐवजी छोट्या व्यावसायिकाला ज्यांच्यावर पैसे खर्च करावे लागतात अशा गोष्टी सविस्तर दिल्या आहेत. हिशेबाचा जुना संगणक अडखळतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसरला दोष नसतो. रॅम कमी पडत असते किंवा जुनी फिरती डिस्क हळू झालेली असते. एसएसडी बसवली की तोच संगणक आणखी काही वर्षे चालतो. यूपीएस हा चैनीचा भाग नव्हे. वीज अचानक गेली तर निम्मी लिहिलेली नोंद फाइल बिघडवू शकते. डायरेक्ट थर्मल प्रिंटरचे लेबल उष्णतेने काळवंडते किंवा पुसट होते, म्हणून उन्हात पडणाऱ्या मालासाठी ते वापरू नये. टोलनाक्यावरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओलहरींतूनच त्याला उत्तर देण्यापुरती शक्ती मिळते. हेच तत्त्व गोदामातल्या आरएफआयडी पट्ट्यांत आहे. बॅकअपची एक प्रत संगणकाबाहेर आणि इमारतीबाहेर असलीच पाहिजे, आणि ती उघडून पाहिलेली असली पाहिजे. न तपासलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही.

भारतात व्यवसायासाठीचा पहिला आयबीएम 1401 संगणक 1961 मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीत बसला. तेव्हा त्याच्यासमोर बसणारी माणसे मोजकी होती. आज इचलकरंजीचा यंत्रमागवाला, लासलगावचा कांद्याचा व्यापारी, फोंड्याचा औषधविक्रेता, सगळ्यांच्या हातात त्याहून कितीतरी पटींनी शक्तिमान यंत्र आहे. 50,000 रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर साधारणपणे ई-वे बिल काढावेच लागते, त्यामुळे नोंद टाळण्याची सोयही राहिलेली नाही. तरीही यातली पुष्कळशी मंडळी सरकारसाठी एक नोंद, स्वतःसाठी दुसरी आणि आठवणीत तिसरी ठेवतात. या पुस्तकाचे पहिले वाचक म्हणून माझ्यासमोर तेच आहेत. विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लागणाऱ्या व्याख्या प्रकरणांच्या शेवटी आहेत, पण त्या आधी वाचू नका.

वाचण्यापूर्वी एक काम कराच. तुमच्या दुकानातली, कारखान्यातली किंवा ओळखीच्या एखाद्या गोदामातली कोणतीही एक वस्तू निवडा. ती आत आली त्या क्षणापासून बाहेर जाईपर्यंत तिची नोंद कोणी, कधी, कशावर केली आणि किती वेळा पुन्हा लिहिली, ते एका कोऱ्या कागदावर क्रमाने लिहून काढा. जिथे माल आणि नोंद यांच्यात एका दिवसापेक्षा जास्त अंतर आढळेल तिथे लाल खूण करा. तो कागद जवळ ठेवून पहिले प्रकरण उघडा.